ताट आणि थाट

गेल्या महिन्यात आमच्या तालुक्याच्या गावी, वाचनालयाच्या सभागृहात एक परिसंवाद झाला. विषय होता 'आजची तरुणाई आणि तिच्या आकांक्षा'. वक्ते तिघे. पहिले निवृत्त सनदी अधिकारी. ते म्हणाले, आकांक्षा ठेवायची तर आभाळाएवढी ठेवा, मग जिल्हा परिषदेच्या शाळेतला मुलगाही कलेक्टर होतो, मी झालो. दुसरे स्वतः शेती करणारे, गावोगाव प्रबोधन करत हिंडणारे कार्यकर्ते. त्यांच्या मते आकांक्षांनीच या पिढीचा घात केला. पोरांना बुलेट हवी, आयफोन हवा, लग्नात ड्रोन हवा, आणि हाताला माती मात्र लागायला नको. तिसऱ्या बाई बाजारपेठेच्या अभ्यासक. पडद्यावर आलेख दाखवत त्यांनी सांगितलं, की लहान गावांमधला 'ॲस्पिरेशनल' वर्ग आता खर्च करायला तयार झाला आहे आणि देशाची सगळी भिस्त त्याच्यावर आहे. टाळ्या तिघांनाही सारख्याच पडल्या. वाजवणारे हातही तेच होते, त्यांत माझेही. घरी परतताना मात्र वाटायला लागलं, की ही माणसं एकमेकांशी बोललीच नाहीत. तीन निरनिराळ्या गोष्टींना एकच शब्द लावून आपापलं बोलून गेली.

एक बारीकसा प्रसंग सांगायचा राहिला. अधिकाऱ्यांचं भाषण ऐन रंगात असताना मागच्या रांगेतल्या चार-पाच कॉलेजच्या मुली दप्तरं उचलून निघून गेल्या. वक्ते थांबले, हसले आणि म्हणाले, "बघा, ऐकून घ्यायचाही धीर नाही या पिढीला." सभागृह हसलं. त्या मुलींकडे मी पुन्हा येणार आहे.

आधी माझं म्हणणं. आकांक्षा वाढवाव्यात की आवराव्यात, असा वाद आपण रक्तदाबाची चर्चा करावी तसा घालतो. आणि तसा तो घातला की कुठल्याही बाजूनं बोला, दोष अखेर आकांक्षा धरणाऱ्याच्याच पदरात पडतो. पुरी झाली नाही तर तुझी जिद्द कमी पडली. कर्ज होऊन बसलं तर तुझी हाव जास्त झाली. या शब्दाचा आज सर्वांत मोठा उपयोग होतो तो मागणीची इच्छा करून टाकायला. मागणी म्हटली की समोर कुणीतरी उत्तर द्यायला बांधलेला असतो. इच्छा ज्याची त्याची. रस्ता हवा ही गावाची मागणी असेल तर बांधकाम खात्याला जाब विचारता येतो. तीच गावाची 'आकांक्षा' झाली की फार तर तिचं कौतुक करता येतं.

शब्दाच्या पोटात थोडं शिरून पाहू. इंग्रजी 'ॲस्पिरेशन'चं मूळ लॅटिनमधल्या श्वासाशी आहे. कशावर तरी फुंकर घालणं, कशाच्या तरी दिशेनं श्वास सोडणं. म्हणून भाषाशास्त्रात तोच शब्द महाप्राणासाठी वापरतात, ज्या जादा श्वासामुळे क चा ख होतो आणि प चा फ. डॉक्टर मंडळी तोच शब्द अन्नाचा कण किंवा पाणी श्वासनलिकेत उतरलं की वापरतात. घरात आपण ज्याला ठसका लागणं म्हणतो, त्याचंच ते जिवावर बेतू शकणारं रूप. उंच जायला भरलेला श्वासही तोच आणि गुदमरणंही तेच. मराठीत या जातीचं काम 'दम' हा शब्द करतो. दम धरतात, दम देतात, अंगात दम असतो, जिना चढताना दम लागतो, आणि म्हातारपणी दमा होतो. पण मला या सगळ्यात मोलाचं वाटतं ते व्याकरणातलं साधं उदाहरण. 'ताट' म्हणताना त वर श्वासाचा जोर जरा जास्त पडला की 'थाट' ऐकू येतं. जेवणाचं भांडं आणि श्रीमंतीचा देखावा यांत फरक एका फुंकरीचा. आपल्या सार्वजनिक चर्चेला नेमका हाच ऐकण्याचा विकार जडलाय. समोरचा ताट मागतो, आपल्याला थाट ऐकू येतो.

ऐकू येणं हे बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याच्या जागेवर अवलंबून असतं, हे मराठीइतकं दुसऱ्या कुठल्या भाषेनं उघड केलं असेल का, शंका आहे. आस, ध्यास, सोस, हौस, हव्यास, हाव, जिद्द, ईर्षा, मनोरथ, महत्त्वाकांक्षा : इतके शब्द आणि प्रत्येकात एकेक निकाल आधीच दिलेला. डॉक्टरांच्या मुलाला डॉक्टर व्हायचं असेल तर ते ध्येय. सालगड्याच्या मुलाला व्हायचं असेल तर ती जिद्द, पण झाला तरच. नाही झाला तर 'अंथरूण पाहून पाय पसरावेत' हे ऐकवायला गाव तयारच असतं. पुरुष महत्त्वाकांक्षी असला की कर्तबगार ठरतो. बाई असली की "तिला ना, फार पुढं जायचंय" हे वाक्य ज्या सुरात म्हटलं जातं, तो सूर कुठल्याच शब्दकोशात सापडायचा नाही. म्हणजे शब्द इच्छेचं मोजमाप करतच नाहीत. इच्छा धरणाऱ्याची पायरी मोजतात.

यातला 'उमेद' हा शब्द बाजूला काढून पाहण्याजोगा आहे. फारसीतून आला आणि मराठीत इतका मुरला, की ग्रामीण महिलांच्या बचत गटांचं राज्य सरकारी अभियानही त्याच नावानं चालतं. ज्याला उमेद आहे तो उमेदवार. आज 'ॲस्पिरंट' म्हणून जी मुलं सदाशिव पेठेत आणि नारायण पेठेत कॉट भाड्यानं घेऊन राहतात, त्यांच्यासाठी आपल्याकडे शब्द कधीचाच होता. पण जुन्या मराठीत 'उमेदवारी करणं' याला आणखी एक अर्थ होता : कचेरीत बिनपगारी राबायचं, साहेबाची मर्जी सांभाळायची आणि जागा निघेल या आशेवर वर्षं काढायची. म्हणजे ज्याच्याजवळ उमेद आहे त्याच्याकडून फुकट काम आणि फुकट वाट पाहणं वसूल करता येतं, हे आपल्या पणज्यांना ठाऊक होतं. फरक एवढाच, की तेव्हाचा उमेदवार निदान कचेरीच्या आत बसलेला असे.

आता सरकारी शब्दाकडे. जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारनं देशातले जे जिल्हे मागे पडले आहेत त्यांच्यासाठी एक कार्यक्रम सुरू केला. नीती आयोगाच्या देखरेखीखाली ११२ जिल्हे. महाराष्ट्रातले चार : गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि तेव्हाचं उस्मानाबाद, आताचं धाराशिव. हिंदीत त्यांना 'आकांक्षी' म्हणतात. मराठी कागदपत्रांत मात्र रूढ झालं 'आकांक्षित जिल्हे'. संस्कृतचा थोडासाही गंध असणाऱ्याला इथं हसू यावं. वांछित म्हणजे ज्याची वांछा केली ते, अपेक्षित म्हणजे ज्याची अपेक्षा केली ते. तसं आकांक्षित म्हणजे ज्याची आकांक्षा धरली जाते ते. या हिशेबानं आकांक्षित जिल्हा म्हणजे सगळ्यांना हवाहवासा वाटणारा जिल्हा! गडचिरोलीला बदली झाली की मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवणाऱ्यांना हा अर्थ कुणीतरी समजावून सांगायला हवा. व्याकरणाची चूक म्हणून मी ती सोडून दिली असती, पण चुकीतून खरं बोललं गेलंय असं मला राहून राहून वाटतं. त्या जिल्ह्यांना कुणी हवंसं मानलं नाही, हीच तर त्यांची अडचण आहे. नंदुरबार आणि वाशिम हे दोन्ही जिल्हे एकाच दिवशी, १ जुलै १९९८ रोजी जन्माला आले. पुढे सप्टेंबर २०१० मध्ये देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला तो नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात. ओळखपत्र सर्वांत आधी मिळालेला जिल्हा आठ वर्षांच्या आतच मागासांच्या यादीत होता. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून आजारी माणसाला बांबूच्या झोळीत घालून डोंगर उतरवण्याच्या बातम्या अजून येतात. त्या झोळी वाहणाऱ्यांच्या अंगी आकांक्षेची कमतरता आहे, असं कोण म्हणेल?

यावर कार्यक्रमाच्या बाजूनं जे सांगितलं जातं, ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. 'मागास' हा शिक्का माणसाचा कणा वाकवतो; ज्या जिल्ह्याला पन्नास वर्षं मागास म्हटलं, तिथला शिक्षकही मुलांकडे मागास म्हणूनच पाहायला लागतो. नाव बदलल्यानं नजर बदलते. शिवाय नावाबरोबर आरोग्य-पोषणापासून रस्त्यांपर्यंतचे ४९ निर्देशक आले, दर महिन्याची क्रमवारी आली, तरुण जिल्हाधिकाऱ्यांमध्ये चुरस लागली आणि काही ठिकाणी अंगणवाड्यांचे वजनकाटे खरोखर हलले. हे मी मान्य करतो. शब्दानं काही होत नाही असं मी म्हणूच शकत नाही, कारण मग हा लेख लिहायचं कारणच उरत नाही. माझी हरकत वेगळी आहे. 'मागास' हा शब्द अपमानकारक होता, पण त्यात एक प्रश्न दडलेला होता : मागे कुणी ठेवलं? 'आकांक्षित' म्हटलं की तो प्रश्न अदबीनं दाराबाहेर जातो. आता जिल्हा मागे ठेवलेला नाही, जिल्हा वर बघतो आहे. वर बघणाऱ्याला आपण काय देणं लागतो? शुभेच्छा.

आणि इच्छा मोजून हक्क ठरवायचा हा खेळ नवा नाही. १६ मार्च १९११ रोजी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. मागणी फार मोठी नव्हती. ज्या भागात ठरावीक प्रमाणात मुलं आधीच शाळेत जातात, तिथल्या स्थानिक संस्थांना हळूहळू सक्ती लागू करण्याची मुभा द्या, एवढीच. बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ मध्ये संस्थानभर अशी सक्ती आणून दाखवलीच होती. विरोधात जी कारणं दिली गेली त्यांतलं एक असं, की लोकांकडून तशी मागणीच नाही. विधेयक वेळेआधीचं आहे, लोकांची इच्छा जागी होऊ द्या. मार्च १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. शिक्षणाचा हक्क देणारा कायदा देशात लागू झाला १ एप्रिल २०१० रोजी. मधल्या ९८ वर्षांत किती पिढ्यांची इच्छा जागी होण्याची वाट आपण पाहिली, याचा हिशेब मांडायला हवा. शाहू महाराजांनी ती वाट पाहिली नाही. त्यांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहं उभी केली, १९०२ मध्ये निम्म्या जागा राखून ठेवल्या आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंडासकट. आधी आकांक्षा दाखवा मग शाळा देऊ, असा तो व्यवहार नव्हता. शाळा आली, वसतिगृहात भाकरी मिळाली आणि मग जे हवंसं वाटू लागलं ते आपण आज 'जिद्द' म्हणून सांगतो.

त्याच्याही आधी, १८८२ साली, शिक्षणाच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या सरकारी हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिलं ते या दृष्टीनं पुन्हा वाचावं. शूद्रातिशूद्रांना शिकण्याची केवढी ओढ आहे, असं आर्जव त्यात नाही. त्यात हिशेब आहे. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या पोरांवर होतो. तेव्हा निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. जोतीरावांनी मागणी मांडली आणि तिच्यासोबत पावती जोडली. आज कुणी असं निवेदन दिलं तर त्याला आपण बहुधा 'प्रेरणादायी' म्हणू आणि व्यासपीठावर शाल देऊ.

ताटाच्या जागी थाट ऐकणारे कान किती मोठ्या माणसांचे असू शकतात, याचंही उदाहरण आपल्याच घरात आहे. १९१८ च्या सुमारास ब्राह्मणेतर समाज कायदेमंडळात प्रतिनिधित्व मागू लागला, तेव्हा तेल्या-तांबोळ्यांना तिथं जाऊन काय करायचं आहे, अशा आशयाचा सवाल लोकमान्य टिळकांनी जाहीर सभेत केला. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे आपल्या लेखनात तो नोंदवून ठेवला. टिळकांचं मोठेपण या एका वाक्यानं पुसलं जात नाही. पण स्वराज्याच्या मागणीला ज्यांनी जन्मसिद्ध हक्क म्हटलं, त्यांनाच खालच्या पायरीवरची तीच मागणी ऐकताना ती हौस वाटावी, हे विसरायचं कसं?

आता ज्या मुद्द्यापाशी मला यायचं होतं, तो मला भाषणांत नाही, तर्कशास्त्राच्या एका छोट्या पुस्तकात सापडला. अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' सतराव्या शतकातला. संस्कृत पाठशाळांमध्ये तो आजही नवशिक्यांना शिकवतात. वाक्याचा अर्थ कळायला काय लागतं, असा त्यात प्रश्न आहे, आणि उत्तर तीन शब्दांचं : आकांक्षा, योग्यता, सन्निधी. इथं आकांक्षा माणसाची नसते, शब्दाची असते. 'आण' म्हटलं की काय आण, याची ओढ लागते. एका पदाला दुसऱ्या पदाची लागलेली ही ओढ म्हणजे आकांक्षा. 'गाय, घोडा, माणूस, हत्ती' असे चार शब्द ओळीनं म्हटले तर वाक्य होत नाही, कारण कुणाला कुणाची गरज नाही. 'विस्तवाने शिंपावे' यात ओढ आहे, पण मेळ नाही. विस्तवानं काही शिंपता येत नाही. ती झाली योग्यता. हल्ली योग्यता म्हटलं की सगळ्यांना गुणवत्ता यादी दिसते, म्हणून सांगतो, इथं तिचा अर्थ दोन्ही बाजू एकमेकींना जुळणं एवढाच आहे. आणि 'गाय' हा शब्द सकाळी उच्चारला, 'आण' हा प्रहरानंतर, तर ओढ असून, मेळ असून, अर्थ होत नाही. ती सन्निधी, जवळीक. मागितलेलं आणि मिळणारं एकमेकांच्या हाताच्या अंतरावर असणं.

चारशे वर्षांपूर्वीचं हे व्याकरण आपल्या परिसंवादांपेक्षा शहाणं आहे. आकांक्षा म्हणजे अपुरेपणा. ती धरणाऱ्याच्या एकट्याच्या बळावर पुरी होऊच शकत नाही. दुसऱ्या पदानं वेळेवर यावं लागतं. त्या उठून गेलेल्या मुलींचं काय झालं, ते मला दुसऱ्या दिवशी ग्रंथपालांकडून कळलं. त्यांच्या गावाची शेवटची एसटी पावणेसहाला सुटते. ती चुकली तर तालुक्याला मुक्काम, आणि मुक्काम झाला तर घरून कॉलेज बंद. अकरावीला त्यांच्याबरोबर असलेल्या दोघींचं तसंच बंद झालंय म्हणे. आभाळाएवढी आकांक्षा ठेवा हे ऐकत बसल्या असत्या तर त्यांची होती ती आकांक्षाही गेली असती. या मुलींत ओढ कमी आहे का? मेळ कमी आहे का? कमी आहे ती दीड तासाची सन्निधी.

माझ्या विरोधात सर्वांत वजनदार मुद्दा मला ठाऊक आहे. परिस्थितीकडे बोट दाखवत बसणारे बसून राहिले आणि इतिहास घडवला तो परिस्थितीला न जुमानणाऱ्यांनी. सावित्रीबाईंनी शेणगोळे झेलले. बाबासाहेब वर्गाबाहेर बसून शिकले आणि कोलंबियापर्यंत गेले. एसटीची वेळ त्यांनी विचारली होती का? हा मुद्दा मनाला भिडतो, आणि तो अर्धा खराही आहे. पण उरलेला अर्धा कायम का गाळला जातो? १९१३ मध्ये तरुण भीमराव न्यूयॉर्कला गेले ते बडोदा संस्थानच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. त्यांची प्रतिभा साडेअकरा पौंडांची नव्हती, पण साडेअकरा पौंडांशिवाय ती बोटीत चढली नसती. आणि परत आल्यावर आयुष्यभर त्यांनी काय केलं? 'माझ्यासारखे व्हा' असं सांगत फिरले? शिष्यवृत्त्या, वसतिगृहं, कॉलेजं आणि राज्यघटनेतली कलमं, म्हणजे दुसऱ्यांच्या आकांक्षेला लागणारी पुढची पदं ते रचत राहिले. एकट्यानं कडा चढून जाणाऱ्याचा सत्कार करणं वेगळं आणि त्यावरून पायऱ्यांची गरज नाही असं सिद्ध करणं वेगळं.

स्पर्धा परीक्षांचा वाद तर केवळ अंकगणितात सुटतो, तरी आपण तो मनोधैर्यात अडकवून ठेवला आहे. २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेला १०,१६,८५० अर्ज आले, ५,९२,१४१ जण पूर्वपरीक्षेला बसले आणि अखेर १,०१६ जणांची शिफारस झाली. अर्ज करणाऱ्या हजारांतला एक. उद्या सगळ्यांनी अभ्यासाचे तास दुप्पट केले तर किती जण निवडले जातील? तेवढेच. सगळ्यांनी आकांक्षा निम्मी केली तर? तरीही तेवढेच. एखाद्याच्या जिद्दीनं यादीतली नावं बदलतात, यादीची लांबी बदलत नाही. २०२४ मध्ये राज्यातल्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी सतरा लाखांहून अधिक अर्ज आले. त्यांत पदवीधर होते, इंजिनीअर होते. त्यांना कुणी 'मोठी स्वप्नं बघा' म्हणणार आहे, की 'छोटी बघा'? शिपायाची नोकरी हे मोठं स्वप्न आहे की छोटं, एवढं तरी आधी ठरवावं.

पण हीच परीक्षा का, हा प्रश्न उरतोच, आणि शेतकरी कार्यकर्त्यांच्या रागात तथ्य आहे ते इथं. मुंबईत जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी २००४ च्या एका निबंधात मुंबईच्या झोपडपट्टीवासीयांच्या संघटनांचं काम पाहून असं मांडलं, की आकांक्षा ही एक क्षमता आहे, एखादा नकाशा वाचता येण्यासारखी. सुखवस्तू माणसाला इथून तिथं कसं जायचं याचे दहा रस्ते दिसतात, कारण त्यावरून चालून आलेले काका-मामा घरात असतात. गरिबाच्या नकाशावर रस्ते तुरळक. आमच्याकडच्या मुलाच्या नकाशावर कोण आहे ते पाहा. सातबाऱ्यावर फेरफार ओढणारा तलाठी आहे, दाखला अडवणारा क्लार्क आहे, गाडीतून उतरणारा फौजदार आहे. ज्याच्या सहीसाठी बाप चार वेळा रिकाम्या हातानं परतला, त्या सहीच्या जागी बसावंसं मुलाला वाटलं तर ती हाव कशी? बापाच्या अपमानाचं ते उत्तर आहे. शेतीत राहा असं त्याला सांगणारे, शेतीमालाच्या भावाचा विषय निघाला की 'बाजार ठरवेल' म्हणतात. (कार्यकर्ते स्वतः तसं म्हणत नाहीत, एवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.)

समाधानाचा उपदेश करणाऱ्यांचा 'ठेविले अनंते तैसेचि राहावे' हा ठेवणीतला आधार. त्यामागची चिंता मला खोटी वाटत नाही. दुसऱ्याच्या स्टेटसवर दिसणाऱ्या सुखाशी स्वतःला मोजत रात्र काढणारी मुलं मी पाहतो. मुलीच्या लग्नात डीजे आणि फेटेवाले आणण्यासाठी अडीच एकरांतलं अर्धं विकणारा बापही पाहिलाय. ठसका लागतो तो असा. पण तुकोबांच्याच गाथेत 'ओले मूळ भेदी खडकाचे अंग' आहे, 'असाध्य ते साध्य करिता सायास' आहे. कुणी कुणाला कुठला अभंग ऐकवायचा, हे कोण ठरवतं? समाधानाचा अभंग नेहमी वरून खाली आणि सायासाचा नेहमी स्वतःच्या मुलाला, अशी वाटणी मी तरी बरीच पाहिली आहे.

आणि थाट म्हणून ज्याची टर उडवतो, तोही दर वेळी थाटच असतो असं नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेला आलेल्या स्त्रियांशी बोलताना बाबासाहेबांनी लुगडं नेसण्याची पद्धत बदला, जातीची खूण ठरलेले दागिने टाका, स्वच्छ राहा, असं सांगितलं. त्याच वर्षी मार्चमध्ये ज्या माणसांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं होतं, त्यांच्यासाठी लुगड्याची लांबी हा नट्टापट्टा नव्हता. कुणी कसं दिसावं हे ठरवण्याचा गावाचा अधिकार त्या लुगड्यानं काढून घेतला. आजही घोड्यावरून वरात काढली म्हणून, मिशा ठेवल्या म्हणून, भारी गाडी घेतली म्हणून मारहाण झाल्याच्या बातम्या आपण वाचतो. मारणाऱ्यांना बरोबर कळलेलं असतं, की ही खरेदी नाही, मागणी आहे. नेमकं तेच आपल्या बाजार-अभ्यासक बाईंना कळत नाही. त्यांच्या आलेखात बूट विकत घेणारा प्रत्येक जण 'ॲस्पिरेशनल' आहे, आणि हप्ता थकला की तो आलेखाबाहेर. त्या वर्गाला कुठला दवाखाना हवा, कुठली शाळा हवी, हे विचारणारा रकाना त्यांच्या प्रश्नावलीत नव्हता. मी विचारलं. त्या म्हणाल्या, तो आमचा विषय नाही. प्रामाणिक उत्तर होतं.

आणखी एक गोष्ट केली. वाचनालयाच्या पुढच्या परिसंवादाचं पत्रक परवा हातात पडलं. विषय 'ग्रामीण युवतींपुढील आव्हाने', वेळ सायंकाळी पाच. कार्यवाहांना पत्र लिहून मी विनंती केली, की कार्यक्रम दुपारी दोनला ठेवावा, आणि जमल्यास आगारप्रमुखांना वक्ते म्हणून बोलवावं. दोन वाजता प्रमुख पाहुण्यांना जमणार नाही, असं त्यांनी कळवलं आहे. आगारप्रमुखांबद्दल विचार चालू आहे.